फिरती ढाल फिरलीच नाही तर?

सोलापुरातल्या एका आंतरशालेय सामान्यज्ञान स्पर्धेच्या समितीवर मी आहे. उर्दू आणि मराठी, दोन्ही माध्यमांच्या शाळा तिच्यात भाग घेतात. या स्पर्धेची फिरती ढाल सहा वर्षे फिरलीच नाही. आधी थोरल्या बहिणीने नेली, मग भावाने, मग धाकटीने. वडील प्राध्यापक, आई शिक्षिका, घरात तीन भाषांची वर्तमानपत्रे. मागच्या वर्षी समितीच्या बैठकीत एक सर वैतागून म्हणाले, "या घराला आता बंद करा. बाकीच्या पोरांनी काय नुसत्या टाळ्या वाजवायच्या?"

खरे सांगायचे तर मलाही ते पटले. विडी वळणाऱ्या आईची एक मुलगी माझ्या वर्गात आहे. दोन वर्षे ती दुसरी येत होती. तिचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर होता. शेवटी समितीने काम माझ्याच गळ्यात घातले: "टीचर, तुम्हाला वाचायची हौस आहे. मोठ्या स्पर्धांत, टीव्हीवर असे झाले तर काय करतात ते बघा."

मी बघितले. पहिली गोष्ट कळली ती अशी की हा प्रश्न जुना आहे. अमेरिकेत 'जेपर्डी' नावाचा प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम आहे. तिथे जिंकणारा दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळायला येतो. 1984 पासून तिथे नियम होता की सलग पाच विजय झाले की मानाने निरोप. 2003 मध्ये तो काढला, आणि पुढच्याच वर्षी केन जेनिंग्ज हा माणूस सलग 74 सामने जिंकला. 'फॅमिली फ्यूड' या कार्यक्रमात तर अख्खे कुटुंबच संघ म्हणून उतरते. तिथेही पाच सामन्यांची मर्यादा घातली गेली. म्हणजे आमचे सर बोलले ते काही वेडेपणाचे नव्हते. इतरांना पाळी मिळावी, हा विचार त्यामागे आहे.

पण इतिहास थोडा मागे जाऊन वाचला आणि माझे मत डळमळले. 1956 मध्ये 'ट्वेंटी-वन' नावाचा कार्यक्रम अमेरिकेत गाजत होता. हर्बर्ट स्टेम्पेल नावाचा, साध्या घरातला ज्यू तरुण तिथे आठवड्यामागून आठवडे जिंकत होता. मग निर्मात्यांना दुसरा चेहरा हवासा वाटला. चार्ल्स व्हॅन डोरेन कोलंबिया विद्यापीठात शिकवत होता. दिसायला देखणा, बोलायला गोड. वडील मार्क व्हॅन डोरेन नामवंत कवी, काका कार्ल व्हॅन डोरेन चरित्रकार, दोघांनाही पुलित्झर पारितोषिक मिळालेले. आपल्या भाषेत सांगायचे तर खानदानी. स्टेम्पेलला सांगण्यात आले की आता हरायचे. ज्या प्रश्नावर तो चुकला, त्याचे उत्तर 'मार्टी' हा चित्रपट होते. त्याला ते पक्के ठाऊक होते. व्हॅन डोरेनला उत्तरे आधीच पुरवली जात होती. त्याने 1,29,000 डॉलर जिंकले. नोव्हेंबर 1959 मध्ये त्याने अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सगळे कबूल केले आणि त्याची नोकरी गेली. 1960 मध्ये अशी लबाडी हा गुन्हा ठरवणारा कायदा झाला.

ही हकीकत वाचताना मी थांबले. इथे अन्याय कोणी केला? कार्यक्रम बिघडला तो एकच माणूस पुन्हा पुन्हा जिंकल्यामुळे नव्हे. कोण जिंकलेले शोभून दिसेल हे पडद्यामागे बसून ठरवणाऱ्यांनी तो बिघडवला. आणि एखाद्या घराला बंदी घालायची, म्हणजे कोणी जिंकू नये हे आधी ठरवायचे. हेतू चांगला असला तरी हात तोच.

उलट बाजूही आहे. इंग्लंडमध्ये 2001 साली मेजर चार्ल्स इंग्रॅम 'हू वाँट्स टू बी अ मिलियनेअर'मध्ये दहा लाख पौंडांपर्यंत पोचला. त्याच्या आधी त्याची बायको आणि मेहुणा, दोघेही त्याच खुर्चीवर बसून प्रत्येकी 32,000 पौंड घेऊन गेले होते. तिथेच बसलेला दुसरा एक स्पर्धक खोकून खुणा करत होता, असा आरोप झाला. 2003 मध्ये न्यायालयाने इंग्रॅम, त्याची बायको आणि तो खोकणारा, तिघांनाही दोषी धरले. एकाच घरातले तिघे खुर्चीपर्यंत पोचले यात गुन्हा नव्हता. गुन्हा खोकल्यात होता. त्यावर नजर ठेवणे हे आयोजकांचे काम.

आता आपल्याकडे या. 3 जुलै 2000 रोजी 'कौन बनेगा करोडपती' सुरू झाले. त्याच वर्षी मुंबईचा हर्षवर्धन नवाथे पहिला करोडपती झाला. वडील पोलीस अधिकारी, मुलगा स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा. 2014 मध्ये दिल्लीच्या अचिन आणि सार्थक नरुला या भावांच्या जोडीने सात कोटी जिंकले. घरात अभ्यासाचे वातावरण असले की फायदा होतोच. पण 2010 मध्ये झारखंडमधल्या गिरिडीहच्या राहत तस्लीम या गृहिणीनेही एक कोटी जिंकले. 2019 मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे यांनी जिंकले. त्या शाळेत मुलांची खिचडी शिजवत, महिना 1,500 रुपयांवर. या बायकांसाठी कोणी नवाथेंना रोखले नव्हते. दार त्यांच्यापर्यंत उघडले, एवढेच.

हे दार म्हणजे बऱ्याचदा भाषा असते. बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट 1972 मध्ये सुरू झाली. आधी हमीद सयानी प्रश्न विचारत. 1975 मध्ये त्यांचे निधन झाले आणि धाकटे भाऊ अमीन सयानी यांनी ती पुढे चालवली. स्पर्धा उत्तम होती, पण इंग्रजीतली. आमच्या गल्लीतल्या शाळेचा संघ तिथे कसा पोचणार? गंमत अशी की याच भावांच्या आई कुलसुम सयानी यांनी 1940 पासून 'रहबर' हे पाक्षिक चालवले होते. भाषा साधी हिंदुस्तानी आणि लिप्या तीन: नागरी, उर्दू, गुजराती. नव्याने अक्षरओळख झालेल्याला स्वतःच्या लिपीत वाचता यावे म्हणून. मराठीत प्रश्न विचारणारे 'कोण होईल मराठी करोडपती' यायला 2013 उजाडले. 2019 मध्ये त्याच खेळाच्या नव्या पर्वात, 'कोण होणार करोडपती'मध्ये, समोरच्या खुर्चीवर आपल्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे होते.

'रहबर'बद्दल वाचल्यावर मी आमच्या स्पर्धेच्या जुन्या प्रश्नपत्रिका काढल्या. सगळ्या फक्त मराठीत. उर्दू शाळेच्या मुलांसाठी प्रश्न एकदा तोंडी वाचून दाखवायचा, अशी आमची सोय. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, या समितीवर चार वर्षे बसते, आणि मलाच ते कधी खटकले नव्हते. ढाल कोणाच्या घरी जाते हे आम्ही मोजत बसलो. प्रश्न कोणाच्या घरी पोचतो हे मोजलेच नाही.

पुढच्या बैठकीत मी बंदीच्या विरोधात बोलले. बराच वाद झाला. शेवटी ठरले ते असे. कोणावरही बंदी नाही. प्रश्न दोन्ही लिप्यांत छापायचे. कोणती पुस्तके वाचायची, ती यादी महिनाभर आधी सगळ्या शाळांना द्यायची. ज्याचे मूल स्पर्धेत आहे त्याने प्रश्न काढायचे नाहीत. पाकीट मंचावर सर्वांसमोर फोडायचे.

निकाल? ढाल पुन्हा त्याच घरी गेली. सातव्यांदा, दोन गुणांनी. बंदी मागणाऱ्या सरांनी माझ्याकडे पाहिले आणि मी मान खाली घातली.

माझी विद्यार्थिनी पुन्हा दुसरीच आली. बक्षीस समारंभानंतर तिची आई भेटली. मी काही समजुतीचे बोलायला लागले, तर तीच म्हणाली, "हारी तो हारी टीचर, पर इस बार सवाल तो समझे उसकू."

यंदाची पुस्तकांची यादी पुढच्या आठवड्यात शाळांना जाईल. ती मुलगी आत्ताच मागायला येऊन गेली. तिला सांगितले, सगळ्यांना एकाच दिवशी मिळेल.