साडेतीन देश

नोकरीच्या शेवटच्या दिवशी केक कापताना सगळ्यांचा एकच प्रश्न होता : दोन महिने एकटाच फिरणार? कंटाळा नाही येणार? मी तयारीत होतो. म्हटलं, "सव्वाशे वर्षांपूर्वी गोव्याचा एक तेवीस वर्षांचा मुलगा जवळजवळ सात वर्षं असाच फिरला. नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश. मोबाइल नाही, बुकिंग नाही, खिशात धड पैसे नाहीत. मी त्याच्याच वाटेने चाललोय."

टीममधली एक मैत्रीण नुकतीच बाळंतपणाच्या रजेवरून परतली होती. तिने कागदी बशीतला केक संपवत विचारलं, "लग्न झालं नव्हतं का त्याचं?"

झालं होतं. ज्या वर्षी तो निघाला, त्याच वर्षी मुलगीही झाली होती. हे मला माहीत होतं, तरी मी "अगं, तो काळच वेगळा होता" असं काहीतरी पुटपुटून चहा आणायला गेलो.

तो मुलगा म्हणजे धर्मानंद कोसंबी. जन्म ९ ऑक्टोबर १८७६, साष्टीतलं सांखवाळ गाव. शाळा बेताची, तब्येत बेताची, काम नारळाच्या बागायतीचं. वाचन मात्र मिळेल ते. तुकारामांची गाथा त्यांनी मनापासून वाचली होती. 'बालबोध' या मुलांच्या मासिकात बुद्धावरचा एक लेख हाती पडला आणि माणूस त्यात अडकला. बुद्धाचा धर्म नीट समजून घ्यायचा; त्यासाठी आधी संस्कृत शिकायचं, मग तो धर्म जिथे जिवंत असेल तिथे जायचं. योजना म्हणावी तर एवढीच. घर सोडण्याचे आधीचे प्रयत्न फसले होते. डिसेंबर १८९९ मध्ये जमलं. हे सगळं त्यांनी 'निवेदन' या आत्मचरित्रात सांगितलं आहे. पुस्तकरूपाने ते १९२४ साली आलं. मी ते इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला सबमिशनच्या आदल्या रात्री वाचायला घेतलं आणि सबमिशन हुकलं.

आता देशांचा हिशोब. कोसंबी निघाले तेव्हा गोवा पोर्तुगालचा. पुणे, काशी, कलकत्ता ब्रिटिश हिंदुस्थानात. मध्ये ग्वाल्हेर लागलं, ते शिंद्यांचं. नेपाळ स्वतंत्र, पण सत्ता राणांच्या हाती. ते तिथे पोचले तेव्हा पंतप्रधान होते चंद्र शमशेर. सिलोन ही ब्रिटिशांचीच, पण हिंदुस्थानपासून वेगळी वसाहत. आणि ब्रह्मदेश, जो आपल्याला आज पूर्ण परका वाटतो, तो १९३७ पर्यंत कागदोपत्री ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. पासपोर्ट कुणी मागत नव्हतं. आपल्याकडे पासपोर्टची सक्ती आली ती पहिल्या महायुद्धाच्या काळात, आणि त्याचा कायदा १९२० चा. मी मात्र सांखवाळला जाताना देश ओलांडला नाही, पण यांगोनला जाऊ शकलो नाही. २०२१ च्या लष्करी बंडानंतर तिथे एकट्याने भटकायला घरच्यांनी साफ नकार दिला. खरं सांगायचं तर मलाही धीर झाला नाही. त्यामुळे माझे देश झाले साडेतीन : गोवा, नेपाळ, श्रीलंका, आणि बोधगयेतला बर्मीज विहार, हा अर्धा.

पुण्यात कोसंबींना आधार मिळाला डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचा. पण खरा प्रश्न काशीत सुरू होतो, आणि तो प्रश्न जेवणाचा आहे. प्रवासवर्णनं वाचताना मी आधी हेच शोधतो : हा माणूस जेवला कुठे आणि पैसे कुणी दिले? काशीत विद्यार्थ्यांसाठी अन्नछत्रं होती, त्यांतली कित्येक मराठी सरदार-संस्थानिकांनी घालून दिलेली. म्हणजे देशावरच्या शेतसाऱ्याचा काही वाटा काशीत वरणभाताच्या रूपाने पानात पडत होता. पंगतीत बसायचं तर ब्राह्मण म्हणून बसायचं. कोसंबी गौड सारस्वत. आणि सारस्वतांना ब्राह्मण मानावं की नाही यावर देशावरच्या मंडळींचे वाद पिढ्यान्‌पिढ्या चाललेले. जो माणूस जात न मानणाऱ्या बुद्धाच्या शोधात निघाला, त्याला त्या शोधाचं पहिलं मोठं पाऊल जातीच्या पंगतीत बसून टाकावं लागलं. यात मी त्यांना दोष देत नाही. उपाशी पोटी पाणिनी शिकता येत नाही. एवढंच, की एकट्याच्या प्रवासाला तिकीट लागतं, आणि काशीत ते तिकीट जन्मानेच मिळत होतं.

१९०२ च्या सुरुवातीला ते काशीहून नेपाळला गेले. मी काठमांडूला विमानाने तासा-दीड तासात पोचलो. तेव्हा तराईतून भीमफेदीपर्यंत यायचं आणि पुढे चंद्रागिरीची चढण पायी. बाहेरच्यांना नेपाळ एरवी बंदच असे. महाशिवरात्रीला पशुपतिनाथासाठी मात्र यात्रेकरूंना सोडत. बुद्धाच्या शोधातला माणूस शंकराच्या यात्रेच्या हंगामात आत शिरतो, हे मला फार आवडतं. आपण टुरिस्ट व्हिसावर जाऊन काम करतो, तसंच काहीसं.

नेपाळने त्यांची निराशा केली. स्वयंभू होतं, बौद्धनाथ होतं, पण त्यांना हवे तसे भिक्षू नव्हते. काठमांडू खोऱ्यातल्या नेवार बौद्धांचे वज्राचार्य हे संसारी पुजारी, पूजाविधी तांत्रिक, आणि विहारांची नावं तेवढी जुनी. स्वयंभूच्या पायऱ्या चढताना मी विचार करत होतो, की कोसंबी इथे थोडे घाईने निकाल देऊन गेले का? पुस्तकात वाचलेला बुद्ध समोरच्या माणसांत दिसला नाही की ती माणसं बिघडलेली, असं वाटायचं वय आणि तो काळ दोन्ही होते. नेवारांचं बौद्धपण त्यांच्या गल्लीतल्या चौकात, सणांत, लग्नकार्यात आहे. ते महिनाभरात दिसणारं नव्हे. अर्थात भिक्षू का नव्हते याचं उत्तर राजवटीतही होतं. पुढे १९४४ साली राणांनी थेरवादी भिक्षूंना देशाबाहेर काढलं, यावरून अंदाज यावा.

तिथून बोधगया. महाबोधी मंदिर तेव्हा शैव महंतांच्या ताब्यात होतं, आणि १८९१ साली महाबोधी सोसायटी स्थापन करणारे सिलोनचे अनागारिक धर्मपाल त्यासाठी झगडत होते. धर्म शिकायचा तर सिलोनला जा, हा सल्ला कोसंबींना इथेच मिळाला. बुद्धाला जिथे ज्ञान झालं तिथे पोचल्यावर कळलं, की ते शिकायला समुद्र ओलांडावा लागेल.

कोलंबोत मी मालिगाकंदच्या विद्योदय पिरिवेनात गेलो. हिक्कडुवे सुमंगल यांनी १८७३ साली काढलेली ही पाठशाळा. इथेच १९०२ साली कोसंबी श्रामणेर झाले. दुपारचं ऊन, पांढऱ्या भिंती, चिवर वाळत घातलेले. एका तरुण भिक्षूने मला इंग्रजीत विचारलं, की तुम्ही काय काम करता. मी म्हटलं, सॉफ्टवेअर. त्याने लगेच फोन पुढे केला. त्याच्या पाली अ‍ॅपमध्ये अक्षरं तुटत होती. मी सेटिंगमध्ये जाऊन ते दुरुस्त केलं, आणि अख्ख्या प्रवासात माझा कुणाला झालेला उपयोग तो एवढाच.

पण त्यावरून मूळ मुद्दा आठवला. पालीला स्वतःची लिपी नाही. सिलोनमध्ये ती सिंहली अक्षरांत, ब्रह्मदेशात बर्मीज, सयाममध्ये त्यांच्या. राजा चुलालोंगकोर्नने १८९३ मध्ये ३९ खंडांचं त्रिपिटक छापलं तेही सयामी लिपीतच. १८८१ साली स्थापन झालेली लंडनची पाली टेक्स्ट सोसायटी रोमनमध्ये छापत होती. म्हणजे मगधात घडलेला धर्म वाचायला देवनागरी येणाऱ्याच्या हाती जवळपास काही नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर डेटा एकच, एन्कोडिंग चार, आणि आपल्या मशीनवर एकही फॉन्ट नाही. कोसंबी प्रत्येक देशात लिपी शिकले, म्हणजे प्रत्येक देशात पुन्हा पहिलीत बसले. हा प्रवासाचा भाग फोटोत येत नाही. पुढे १९१० साली हार्वर्डला त्यांना बोलावलं गेलं ते बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्गा'साठी. त्या ग्रंथाचं संपादन अर्धवट टाकून हेन्री क्लार्क वॉरन १८९९ च्या जानेवारीत वारले होते. कोसंबींनी घर सोडलं त्याच वर्षी. 'विसुद्धिमग्गा'ची देवनागरी आवृत्ती कोसंबींनी काढली ती १९४० साली. पहिल्यांदा चिवर घातल्यानंतर ३८ वर्षांनी.

सिलोनचं जेवण त्यांना मानवलं नाही, तब्येत बिघडली, आणि ते मद्रासमार्गे ब्रह्मदेशात गेले. मद्रासला प्रा. लक्ष्मी नरसूंसारखी माणसं भेटली. यांच्याच बौद्ध धर्मावरच्या इंग्रजी ग्रंथाला पुढे १९४८ साली बाबासाहेब आंबेडकरांनी प्रस्तावना लिहून तो पुन्हा छापून घेतला. ब्रह्मदेशात मंडालेजवळच्या सगाइंगच्या डोंगरात कोसंबी ध्यान शिकायला राहिले, आणि तिथे त्यांच्या सोबतीला होता एक जर्मन : आंतोन ग्युट, भिक्षू नाव ञाणतिलोक, मूळचा संगीताचा विद्यार्थी. डोंगरात एक सांखवाळचा, एक जर्मनीचा, गुरू बर्मी. मधली भाषा पाली. मला इथे एक सिनेमाच दिसतो. बोधगयेच्या बर्मीज विहारात बसून मी तो मनातल्या मनात पाहिला.

भिक्षूला पैशाला हात लावता येत नाही आणि दुपारनंतर जेवता येत नाही. म्हणजे १९०२ नंतर कोसंबींच्या खिशात पैसे नसणं ही नुसती गरिबी नव्हती, तो नियम होता. आगबोटीचं तिकीट कुणीतरी काढून द्यायचं, सकाळचा भात कुणीतरी पात्रात घालायचा. तो बहुतेक ठिकाणी बायकाच घालतात. मीही कोलंबोत सकाळी पाहिलं : दारात उभी राहून भात वाढणारी एक बाई, मागे शाळेची घाई असलेली दोन मुलं.

त्याच दिवशी संध्याकाळी घरच्या ग्रुपवर ताईने चुकून एक बिल टाकलं आणि लगेच डिलीट केलं. मी आधीच पाहिलं होतं. हाडांच्या डॉक्टरचं बिल. फोन केला. आई बाथरूममध्ये घसरली होती, मनगट मोडलं होतं, मी काठमांडूत असताना. अकरा दिवस झाले होते. ताई ठाण्याहून येऊन पुण्यात राहिली होती, तिची सगळी रजा संपली होती. "तू एवढी तयारी केली होतीस, कशाला सांगायचं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. त्या अकरा दिवसांत मी ग्रुपवर चाळीसएक फोटो टाकले होते आणि आईने प्रत्येकाला अंगठा दाखवला होता. डाव्या हाताने.

त्या रात्री हॉस्टेलच्या बंकवर मी 'निवेदन' पुन्हा उघडलं. या वेळी फक्त बाळाबाई शोधत. त्या फार थोड्या जागी आहेत. लग्न १८९१ मध्ये झालं, नवरा पंधराच्या आतबाहेरचा. नवरा परागंदा झालेल्या बाईला त्या काळच्या गोव्यात कुणाकुणाचं काय काय ऐकावं लागत असेल, याची कल्पना करायला इतिहासकार असायची गरज नाही. कोसंबींचा माझ्या मनातला मान यामुळे कमी झाला नाही. नंतर कलकत्त्यात पाली शिकवत असताना चालून आलेली चांगली कमाई सोडून, महाराष्ट्रात राहून लिहिता यावं म्हणून ते सयाजीराव महाराजांच्या दरमहा ५० रुपयांवर आले. असा माणूस लोभी नसतो. पण मी त्यांना 'सोलो' म्हणत होतो, ते आता म्हणवत नाही. अन्नछत्र होतं, भांडारकर होते, सुमंगल होते, भात वाढणाऱ्या बायका होत्या. त्यांचे आभार मानायची तरी सोय आहे. बाळाबाईंना कुणी विचारलंच नव्हतं.

१९०६ च्या जानेवारीत कोसंबी ब्रह्मदेशाहून कलकत्त्याला आले, चिवर उतरवलं, शिकवू लागले, आणि त्याच वर्षी गोव्याला गेले. पुढच्या वर्षी, ३१ जुलै १९०७ ला मुलगा झाला, दामोदर. तेच पुढे गणिती आणि इतिहासकार झालेले डी. डी. कोसंबी. १९१८ मध्ये धर्मानंद अमेरिकेला पुन्हा गेले तेव्हा दोन्ही मुलांना घेऊन गेले. या वेळी एकटे नाही.

मी परतीचं तिकीट नऊ दिवस अलीकडे आणलं. अनुराधपूर राहिलं. पुण्याला पोचलो तेव्हा ताई बॅग भरून दारातच उभी होती, तिला रात्री ठाण्याला पोचायचं होतं. काठमांडूहून तिच्यासाठी शाल आणली होती, ती मी काढत होतो तर म्हणाली, "राहू दे, नंतर बघू. आधी आईच्या गोळ्या समजून घे." आणि फ्रिजवर चिकटवलेल्या कागदाकडे घेऊन गेली.

१९०६ साली सांखवाळच्या त्या मुलीचं, माणिकचं वय सात होतं. दारात उभा असलेला माणूस बाबा आहे, हे तिला कुणीतरी सांगावं लागलं असणार.