कंप आणि तरंग : कोयना धरणाच्या गणिताचा इतिहास

ज्या घटनेला स्थापत्यविशारद ‘कंप’ म्हणतो, तिलाच भूकंपशास्त्रज्ञ ‘तरंग’ म्हणतो. आपल्या भाषेने ‘भूकंप’ या समासात कंपाला स्थान दिले. त्या घटनेचे आधुनिक शास्त्र मात्र तरंगांच्या अभ्यासातून उभे राहिले. हा केवळ शब्दांचा भेद नव्हे. जवळजवळ दोन शतके तुळईच्या कंपनाचे गणित आणि पृथ्वीतील तरंगांचे गणित हे दोन निरनिराळ्या परंपरांत वाढले. त्यांची खरी गाठ संगणकाच्या काळात पडली. आणि त्या गाठीची कसोटी ज्या थोड्या वास्तूंवर लागली, त्यांत महाराष्ट्रातील कोयना धरणाचा क्रम फार वरचा आहे.

पहिली परंपरा डॅनिएल बर्नुली व लिओनार्ड ऑयलर यांच्यापासून सुरू होते. बर्नुलीच्या सूचनेवरून ऑयलरने १७४४ मध्ये स्थितिस्थापक वक्रांचा विचार मांडला आणि त्याच ओघात एका टोकाशी घट्ट बसविलेल्या तुळईच्या आडव्या कंपनांचाही हिशोब केला. या सिद्धान्तात तुळई फक्त वाकते. तिचे थर परस्परांवर घसरू पाहतात ही गोष्ट त्यात जमेस धरलेली नाही. लांब व सडपातळ तुळईपुरते हे चालून जाते. परंतु त्या समीकरणाचा एक विचित्र परिणाम आहे. तरंग जितका आखूड, तितका त्याचा वेग अधिक, आणि या वेगाला मर्यादाच नाही. कोणत्याही द्रव्यात हे संभवत नाही. रॅले यांनी तुळईच्या छेदांच्या फिरण्यातील जडत्वाचा विचार आधीच केला होता. त्यानेच आखूड तरंगांचा वेग मर्यादित झाला. १९२१ मध्ये टिमोशेन्को यांनी त्यात कर्तरी विरूपणाची भर घातली, तेव्हा हा वेग वास्तवाशी जुळू लागला. तुळईच्या सिद्धान्तातील ही सर्वात महत्त्वाची दुरुस्ती कंपनाच्या प्रश्नातून निघाली खरी, पण तिचा अर्थ तरंगाच्या भाषेतच नीट कळतो.

दुसरी परंपरा प्वासाँ यांची. स्थितिस्थापक घनपदार्थात दोन प्रकारचे तरंग निरनिराळ्या वेगांनी जातात, हे त्यांनी १८२८ च्या सुमारास कागदावर सिद्ध केले. १८८५ मध्ये रॅले यांनी पृष्ठभागालगत जाणाऱ्या तिसऱ्या प्रकाराची भर घातली. हे तरंग प्रत्यक्ष पृथ्वीतून जाताना दाखवून देण्याचे श्रेय भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील आर. डी. ओल्डहॅम यांच्याकडे जाते. १२ जून १८९७ च्या आसाम भूकंपाच्या युरोपातील नोंदींचा अभ्यास हा त्यांच्या विवेचनाचा मुख्य आधार होता. १९०० मध्ये त्यांनी प्राथमिक, दुय्यम व पृष्ठतरंग यांना त्या नोंदींत वेगळे करून दाखविले.

दोन्ही परंपरांमागील मूळ तत्त्व एकच आहे. तरंगाला मर्यादित पदार्थात कोंडले की तो टोकांवरून परततो आणि येणाऱ्या-जाणाऱ्या तरंगांच्या मिसळणीतून स्थिर कंपन उभे राहते. अमर्याद पदार्थात तो निघून जातो, परतत नाही. धरण हे कंप पावणारे आहे. त्याखालचा खडक तरंग वाहून नेणारा आहे. एकाच हिशोबात दोहोंना बसविणे हे अवघड काम हातगणिताच्या आवाक्यातले नव्हते. १९५६ मध्ये टर्नर, क्लफ, मार्टिन व टॉप यांनी विमानांच्या रचनेसाठी, पदार्थाचे लहान लहान तुकडे पाडून हिशोब करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तिला १९६० मध्ये क्लफ यांनी ‘सांत घटक’ हे नाव दिले. कालाचे तुकडे पाडण्याची न्यूमार्क यांची रीत १९५९ ची. साधने अशी तयार होती. उणीव होती ती प्रत्यक्ष पुराव्याची.

तो पुरावा ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी मिळाला, आणि फार मोठी किंमत देऊन मिळाला. कोयनानगर परिसरात पावणेदोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. दख्खनचा पठारी प्रदेश भूकंपदृष्ट्या निर्धोक, हा तोवरचा समज होता. भूकंपाविषयीच्या भारतीय मानकातील ‘शून्य’ क्रमांकाचा पट्टा १९७० च्या आवृत्तीत रद्दच करावा लागला.

धरणाची उंची १०३ मीटर, तळाशी रुंदी सुमारे ७० मीटर, माथ्याशी १५ मीटरांहून थोडी कमी. भूकंपाच्या वेळी जलाशयात सुमारे ९२ मीटर पाणी होते. धरण कोसळले नाही. मात्र कित्येक खंडांच्या दोन्ही बाजूंवर आडवे तडे गेले, आणि तेही तळाशी नव्हेत. तळापासून सुमारे ६६ मीटरांवर, जेथे खालच्या बाजूचा उतार एकाएकी बदलतो त्या ‘माने’पाशी. हा उतारबदल मूळ संकल्पनेचा भाग नव्हता. धरण दोन टप्प्यांत उंचावण्याचा बेत बांधकाम चालू असताना बदलून ते एकाच टप्प्यात पुरे करण्यात आले, त्यातून हा छेद निर्माण झाला.

तडे मानेपाशीच का जावेत? संकल्पनेच्या वेळी भूकंपाचे बल वजनाच्या पाच शतांश धरले होते, आणि तळापासून माथ्यापर्यंत एकसारखे. अशा हिशोबात धरण कंप पावतच नाही. ते खडकासारखे ताठ राहून जमिनीबरोबर सरकते. वरचा भाग हलका, म्हणून त्यावरचे बलही अल्प, असा निष्कर्ष आपोआप निघतो. प्रत्यक्षात धरण ही तळाशी बसविलेली एक जाडजूड तुळईच आहे. रिकाम्या जलाशयासह ती सेकंदाला सुमारे तीन वेळा डोलते, आणि डोलताना माथ्याचा प्रवेग तळाच्या कित्येक पट होतो. त्या वाढलेल्या बलाचा भार अरुंद मानेवर पडतो. अनिल चोप्रा व त्यांचे सहकारी चक्रवर्ती यांनी बर्कली येथे सांत घटक पद्धतीने हा हिशोब केला आणि १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. मानेपाशी येणारा ताण काँक्रीटच्या अंदाजित ताणक्षमतेपेक्षा पुष्कळ अधिक निघाला. पाण्याच्या डोलण्याचा परिणामही त्यांनी हिशोबात घेतला होता. वेस्टरगार्ड यांनी १९३३ मध्ये पाण्याला धरणाशी जोडलेले जादा वस्तुमान मानून या प्रश्नाला हात घातला होता, पण त्यांनी धरण ताठच मानले होते. उपाय म्हणून उंच खंडांना मागून काँक्रीटचे टेकू देण्यात आले.

येथे ऑयलरची तुळई मात्र उपयोगी पडत नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. ज्या वस्तूची रुंदी उंचीच्या दोन तृतीयांश आहे, तिला सडपातळ कसे म्हणावे? कर्तरी विरूपणाशिवाय तिचे कंपन समजत नाही, आणि मानेपाशी ताण कसा एकवटतो हे तर टिमोशेन्कोंची तुळईही सांगत नाही. तेथे घटकांचे जाळेच लागते.

खडकाचा प्रश्न अधिक चिवट ठरला. जाळे कोठेतरी तोडावे लागते, आणि तोडलेल्या कडेवरून तरंग परततात. संगणकातील पृथ्वी मग बंद पेटीसारखी घुमू लागते. १९६९ मध्ये लिस्मर व कुहलमायर यांनी त्या कडांवर तरंग शोषून घेणारे काल्पनिक अवरोधक बसविण्याची युक्ती सुचविली. अनेक अभियंत्यांनी मात्र खडकाला वस्तुमानच नाही असे मानून तरंगांचा प्रश्न टाळला. ही सोय होती, समर्थन नव्हते.

पुढे तड्यांची वाढच हिशोबात आणण्याचे प्रयत्न झाले. १९९८ मधील ली व फेन्व्हज् यांच्या क्षतिप्रतिमानाची पारख कोयनेवरच झाली. आज नव्या पद्धतीची परीक्षा घेणाऱ्या लेखांत कोयनेचा छेद आढळणे ही नित्याची गोष्ट आहे. त्या सर्वांचा आधार म्हणजे धरणातच बसविलेल्या प्रवेगलेखकाची नोंद : धरणाच्या अक्षाच्या दिशेने गुरुत्वप्रवेगाच्या ०.६३ पट, प्रवाहाच्या दिशेने ०.४९ पट, उभ्या दिशेने ०.३४ पट. या नोंदीला सर्वत्र ‘जमिनीची हालचाल’ म्हटले जाते. पण उपकरण मोकळ्या खडकावर नव्हते. ते धरणाच्या एका बुटक्या खंडातील बोगद्यात होते. खडकातून आलेला तरंग किती आणि धरणाने स्वतःच्या कंपनाने त्यात घातलेली भर किती, हे त्या एका रेषेत वेगळे लिहिलेले नाही.