मैत्रिणींचा पत्रव्यवहार : पुण्यांतील एका स्त्रीमंडळाचा विचार

जुन्या घराण्यांचीं दप्तरें तपासतांना संशोधकाचा हात प्रथम सनदा, निवाडे, ताळेबंद व राजकारणी पत्रें यांवर पडतो, व तें साहजिकच आहे. त्याच रुमालांत बायकांचीं पत्रें निघालीं तर त्यांवर 'खासगी' असा शेरा मारून तीं निराळ्या पुडक्यांत बांधलीं जातात, आणि पुढें रद्दीचा प्रसंग आला म्हणजे पहिला बळी त्या पुडक्याचा पडतो. प्रकृतीची विचारपूस, भेटीची ओढ, घरांतील बोलणीं, असा सांसारिक मजकूर इतिहासाच्या काय कामाचा, असा प्रश्न केला जातो. प्रस्तुत लेखांत या प्रश्नाचें उत्तर देण्याचा आमचा विचार आहे. एकमेकींस धीर देणाऱ्या मैत्रिणींच्या मंडळांनीं महाराष्ट्राच्या अर्वाचीन इतिहासांत मोठें कार्य केलें. आणि तें कार्य या बाजूस टाकलेल्या कागदांवांचून नीट उमगत नाहीं. उदाहरणादाखल आम्ही इ. स. १८८२ च्या सुमारास पुण्यांत जमलेलें मंडळ व त्याचे दूरवर पसरलेले धागे घेतों.

स्त्रियांची आपसांतील मैत्री ही कांहीं त्या वर्षीं नव्यानें निर्माण झाली नाहीं. जात्याच्या पाळीवर, पाणवठ्यावर, मंगळागौरीच्या जागरणांत व हळदीकुंकवाच्या निमित्तानें बायका एकत्र येत व सुखदुःख बोलत. परंतु हे संबंध नात्यागोत्याच्या व आळीच्या मर्यादेंत असत. जिच्याशीं नातें नाहीं, शेजार नाहीं, अशा स्त्रीशीं केवळ समान हेतूनें जोडलेला संबंध हा निराळा प्रकार होय. त्यास ठिकाण लागतें, ठराविक वार लागतो, आणि अंतर पडल्यास पत्र लागतें.

पंडिता रमाबाई या पतिनिधनानंतर लहान कन्येस घेऊन १८८२ सालीं पुण्यास आल्या. त्यांचें वय त्या वेळीं चोवीस वर्षांचें होतें. त्याच वर्षीं त्यांनीं आर्य महिला समाज स्थापन केला, 'स्त्रीधर्मनीति' हें पुस्तक प्रसिद्ध केलें व हंटर कमिशनपुढें साक्ष देऊन स्त्रीशिक्षकांची व स्त्रीवैद्यांची मागणी केली. एवढा तपशील सरकारी व छापील साधनांवरून कळतो. मात्र समाजाच्या सभेस जाणें म्हणजे एखाद्या गृहिणीस काय पडत होतें, हें त्या साधनांत नाहीं. तें रमाबाई रानडे यांनीं १९१० सालीं प्रसिद्ध केलेल्या 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' या ग्रंथांत आहे. पति न्यायमूर्ति, सुधारकांचे अग्रणी. तरी घरांतील वडील बायकांचा रोष सूनबाईंवर कोसळत असे. पंडिताबाईंची संगत, मिस हर्फर्ड यांच्यापाशीं इंग्रजीचें अध्ययन, हिराबागेंत गव्हर्नरसाहेबांपुढें केलेलें इंग्रजी वाचन, प्रत्येक गोष्टीचा हिशेब माजघरांत चुकवावा लागे.

येथें एक आक्षेप संभवतो. या सर्व स्त्रियांच्या मागें पुरुषांची प्रेरणा होती. माधवराव रानडे, गोपाळराव जोशी, गोविंदराव कानिटकर यांनींच आपापल्या पत्नीस शिकविलें. मग मैत्रिणींच्या मंडळाचें महत्त्व तें काय? प्रेरणा पुरुषांची होती हें आम्हांस मान्य आहे. परंतु दिवाणखान्यांतील प्रेरणा स्वयंपाकघरापर्यंत पोंचत नाहीं. पति कचेरींत गेल्यावर जो दिवस उरतो त्यांत अबोला, टोमणे व एकटेपणा यांस तोंड बायकोसच द्यावें लागे. आपल्यासारखीच दुसरी कोणी तेंच सोशीत आहे ही जाणीव पति देऊं शकत नाहीं. ती दुसऱ्या स्त्रीकडूनच मिळते. सभेचा खरा उपयोग व्याख्यानापुरता नसून या जाणिवेचा होता असें आमचें मत आहे.

ही जाणीव समुद्रापलीकडूनहि येऊं शकते, हें आनंदीबाई जोशी यांच्या उदाहरणावरून दिसतें. गोपाळरावांनीं पत्नीच्या शिक्षणासाठीं एका मिशनरी गृहस्थास लिहिलेलें पत्र अमेरिकेंतील एका मासिकांत छापलें गेलें. न्यूजर्सी प्रांतांतील रोझेल गांवच्या मिसेस कार्पेंटर यांच्या दृष्टीस तें १८८० सालीं एका दंतवैद्याकडे वाट पाहत बसल्या असतां पडलें, व त्यांनीं आनंदीबाईंस पत्र धाडलें. आनंदीबाईंचें वय त्या वेळीं अवघें पंधरा वर्षांचें. या न पाहिलेल्या बाईस त्या 'मावशी' म्हणूं लागल्या. अपरिचित परदेशीय स्त्रीशीं जडलेल्या स्नेहास नांव द्यावयाचें तर आपल्या बायकांपाशीं नात्याचेच शब्द होते. तो शब्द त्यांनीं मोकळ्या मनानें दिला. १८८३ सालीं पतीवांचून आगबोटींत बसून आनंदीबाई निघाल्या त्या या मावशीच्याच घरीं उतरल्या. अठराव्या वर्षीं एका हिंदु स्त्रीनें केलेल्या या साहसाचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे. त्याच्या पाठीशीं तीन वर्षांचा पत्रव्यवहार होता, ही गोष्ट तितकी ध्यानांत घेतली जात नाहीं.

या मैत्रीची कसोटी लागण्याचे प्रसंगहि आले. पंडिताबाई १८८३ च्या सप्टेंबरांत इंग्लंडमध्यें ख्रिस्ती झाल्या. आनंदीबाईंनीं स्वधर्म सोडला नाहीं. तथापि ता. ११ मार्च १८८६ रोजीं फिलाडेल्फिया येथें आनंदीबाईंस एम. डी. ही पदवी मिळाली तेव्हां पंडिताबाई इंग्लंडहून समुद्र ओलांडून त्या समारंभास हजर राहिल्या. बरोबर तीन वर्षांनीं, ता. ११ मार्च १८८९ रोजीं, पंडिताबाईंनीं मुंबईस शारदा सदन उघडलें. तिथींच्या या योगायोगावर आम्ही कांहींच इमारत उभारीत नाहीं. परंतु अमेरिकेंतील ज्या सहानुभूतीवर सदन उभें राहिलें तिला आनंदीबाईंची ओळख आधींच झालेली होती, हें विसरतां येत नाहीं. पुढें १८९३ सालीं सदनांतील धर्मशिक्षणावरून वाद माजला व माधवराव रानडे, डॉ. भांडारकर प्रभृति सल्लागारांनीं सदनाशीं संबंध तोडला. तरी १९१० सालीं आठवणी लिहितांना रमाबाई रानड्यांनीं पंडिताबाईंस आपल्या आयुष्यांतून गाळलें नाहीं. आदल्याच वर्षीं त्यांच्या नेतृत्वाखालीं पुण्यास सेवासदन निघालें होतें. मतें फांकलीं, वाटा फुटल्या. आरंभींच्या सहवासाचें ऋण मात्र राहिलें.

आतां संग्राहकांच्या दृष्टीनें विशेष महत्त्वाचा मुद्दा. आनंदीबाई ता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास वारल्या, तेव्हां त्यांस बाविसावें वर्षहि पुरें झालें नव्हतें. वैद्यकीचा व्यवसाय करण्यास त्यांस अवकाशच मिळाला नाहीं. अशा व्यक्तीची स्मृति दहापांच वर्षांत पुसून जावयाची. तसें झालें नाहीं, याचें कारण मैत्रिणींनीं पत्रें जपलीं. मिसेस कार्पेंटर यांच्यापाशीं राहिलेल्या पत्रांचा उपयोग करून कॅरोलीन डॉल या बाईंनीं १८८८ सालीं बोस्टन येथें इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केलें. आणि काशीबाई कानिटकर यांनीं १८८९ सालीं पत्रांच्याच आधारें मराठी चरित्र लिहिलें. एका तरुण स्त्रीचीं तीन वर्षांच्या आंत दोन खंडांत दोन चरित्रें निघालीं व दोन्ही स्त्रियांनीं लिहिलीं. आनंदीबाईंची रक्षाहि गोपाळरावांनीं मिसेस कार्पेंटर यांजकडे पाठविली व ती न्यूयॉर्क प्रांतांतील पोकीप्सी येथें त्यांच्या कुटुंबाच्या स्मशानभूमींत पुरली गेली. मानलेल्या नात्याचा याहून ठळक पुरावा कोणता?

याच्या उलट एक उदाहरण त्याच १८८२ सालचें आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांची 'स्त्रीपुरुषतुलना' त्या वर्षीं पुण्यासच छापली गेली. युक्तिवादाच्या धारेंत त्या काळचें क्वचितच दुसरें पुस्तक तिच्या तोडीस उतरेल. तिच्यावर टीका झाली तेव्हां जोतीराव फुले यांनीं 'सत्सार' मध्यें तिची बाजू घेतली. त्यानंतर मात्र पुस्तक लोकांच्या दृष्टीआड गेलें, तें स. गं. मालशे यांनीं १९७५ सालीं पुनः प्रसिद्ध करीपर्यंत, म्हणजे ९३ वर्षें. लेखनाच्या योग्यतेंत ताराबाई कोणाहून उण्या नव्हत्या. पण पुण्यांतील मंडळ मुख्यत्वें ब्राह्मण घराण्यांचें होतें, आणि बुलढाण्याच्या सत्यशोधक घरांतील स्त्रीपर्यंत त्याचा हात पोंचला नाहीं. मंडळाचा महिमा सांगतांना त्याची ही मर्यादा लपविणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. उलट या मर्यादेवरूनच आमचा सिद्धांत दृढ होतो : जिच्यापाठीं मैत्रिणी होत्या तिचें नांव टिकलें, जी एकटी पडली तिचा ग्रंथहि जवळजवळ शतकभर हरवला.

साधनांच्या प्रतवारीविषयीं दोन शब्द अवश्य आहेत. आठवणींचा ग्रंथ कितीहि प्रांजळ असला तरी तो घटनेनंतर अठ्ठावीस वर्षांनीं प्रसिद्ध झालेला आहे. समकालीन पत्रावर त्याच दिवसाची शाई असते. अस्सल समकालीन कागदापुढें बखरीचें वजन किती, हें राजवाड्यांनीं आपणां सर्वांस शिकविलें. तोच नियम येथें लावावयाचा. सावित्रीबाई फुले यांनीं माहेराहून, नायगांवाहून, ता. १० आक्टोबर १८५६ रोजीं जोतीरावांस धाडलेलें म्हणून प्रसिद्ध असलेलें पत्र पाहा. आपल्या आजारपणांत कामाचा भार सहकारिणी फातिमेवर पडत असेल, तरी ती कुरकुर करणार नाहीं, अशा आशयाचें एक वाक्य त्यांत सहज येऊन गेलें आहे. वाक्य घरगुती, काळजीचें. परंतु दोघींच्या सहकार्याचा विचार करणाऱ्या प्रत्येक संशोधकास आज त्याच एका वाक्याशीं येऊन थांबावें लागतें. तें पत्र 'खासगी' म्हणून फेंकलें गेलें असतें तर?

म्हणून संग्राहक बंधुभगिनींस आमची विनंति अशी. बायकांच्या पत्रांचें पुडकें हातीं आल्यास तें फोडून वेगवेगळें करूं नये. कोणाचें पत्र कोणाच्या पत्राशेजारीं होतें यावरूनच मंडळाचा आकार कळतो. पाकीट व टपालाचे शिक्के जपावे. मायन्यांतील 'ताई', 'मावशी', 'अक्का' हे शब्द जसेच्या तसे उतरून घ्यावे, व खरें नातें होतें कीं मानलेलें याचा शोध करावा. तारीख नसल्यास मजकुरांतील सण, आजार व बाळंतपणें यांवरून ती बसवावी. माजघरांतील फडताळांत अजून असे किती जुडगे असतील कोण जाणे! शिंद्यांच्या फौजेचा तळ कोठें होता हें ठरविण्यास आपण जितके श्रम घेतों, त्याच्या चतुर्थांश श्रम जरी या कागदांवर खर्ची पडले, तरी आपल्या इतिहासाचा आजवर अंधारांत राहिलेला अर्धा भाग उजेडांत येऊं लागेल.