शिदोरी आणि डबा

मुलांस घरच्या अन्नाची गोडी कशी लावावी, हा प्रश्न शहरातील बहुतेक सुशिक्षित कुटुंबांत रोज दोन वेळा उभा राहतो. पानात पोळी-भाजी वाढलेली असते आणि मुलाचे चित्त दुकानातील चकचकीत पुड्यात गुंतलेले असते. आई रागावते, आजी लाडीगोडी लावते, वडील आरोग्याचे चार नियम सांगतात. मूल मात्र तोंड फिरवून बसते. उपदेश हरला म्हणजे इतिहासाला विचारून पाहावे. पूर्वीच्या मुलांस घरचे अन्न गोड लागे ते केवळ दुसरे काही मिळत नव्हते म्हणून, की त्या अन्नाबरोबर आणखी काही त्यांच्या वाट्यास येत होते?

या प्रश्नाचे सर्वांत जुने आणि सर्वांत रम्य उत्तर गोपाळकाल्यात आहे. यमुनेच्या वाळवंटात गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या आणि कृष्णाभोवती बसून त्या एकमेकांस चाखविल्या, ही कथा भागवताच्या दशम स्कंधात आली आहे. महाराष्ट्रातील वारकऱ्यांनी या कथेचा सोहळाच केला. हरिनाम सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते आणि आषाढी पौर्णिमेस पंढरपुराजवळ गोपाळपुरात काला झाल्यावर वारकरी परतीच्या वाटेस लागतात. पोहे, लाह्या, दही, लोणचे असे साधेच पदार्थ. परंतु ते एकत्र कालविले की कोणाचे कोणते हा भेद उरत नाही. आपल्या आईच्या हातची शिदोरी दुसऱ्यास देताना मुलाला तिचा अभिमान वाटतो आणि दुसऱ्याची चाखताना त्याची जीभ नव्या चवीला सरावते. अन्नाची गोडी अर्धी पदार्थात असते, अर्धी पंगतीत असते, हे या खेळाचे मर्म होय.

पुढे काळ पालटला. १८५३ साली मुंबईहून ठाण्यास आगगाडी धावली, पुढील वर्षी मुंबईत कापसाच्या पहिल्या गिरणीची उभारणी सुरू झाली आणि कोकणातून व घाटावरून माणसांचा लोंढा या शहराकडे वळला. घर एकीकडे आणि काम दुसरीकडे, ही स्थिती मराठी माणसास नवी होती. दुपारी जेवावयाचे कोठे? खानावळी निघाल्या, पुढे इराण्यांची हॉटेले आली, पाव आणि चहा यांवर भूक भागविण्याची सवय जडू लागली. तरीही पुष्कळांचे मन घरच्या जेवणावरच होते. यातूनच मुंबईचा डबेवाला जन्मास आला. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी या धंद्याचा पाया घातला असे मानले जाते. मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतील काटक माणसांनी तो वाढविला.

या व्यवस्थेची घडी मोठी मनोवेधक आहे. सकाळी घरोघरचे डबे गोळा होतात, स्टेशनावर त्यांची वाटणी होते, लाकडी पाटीत रचून ते लोकलच्या मालडब्यातून पुढे जातात आणि दुपारच्या सुट्टीपर्यंत ज्याचा त्यास पोहोचतात. प्रत्येक डब्यास वाटेत अनेक हात लागतात. पहिल्या काळात अक्षरओळख नसलेल्या माणसांनी रंगीत चिंध्यादोऱ्यांच्या खुणांवर हा व्यवहार चालविला. मागाहून रंगाने काढलेली अक्षरे व आकडे आले. कचेऱ्यांप्रमाणे शाळांतही हे डबे जात. वरणभात गरम असतानाच मुलापर्यंत जावा एवढ्यासाठी आई पहाटे उठे आणि एक अनोळखी माणूस डोक्यावर पाटी घेऊन गर्दीतून वाट काढी. २०२० च्या मार्चमध्ये महामारीमुळे लोकल गाड्या थांबल्या तेव्हा हे चक्रही थांबले. ते पुन्हा फिरू लागले, परंतु पूर्वीचा व्याप राहिला नाही.

येथे एक कटू सत्यही सांगितले पाहिजे. घरच्या डब्याविषयीच्या या ओढीत केवळ जिव्हाळा नव्हता. सोवळेओवळे होते, जातीजातींचे निर्बंध होते. परक्याच्या हातचे चालत नाही म्हणूनही कित्येकांचा डबा घरून येई. घरच्या अन्नाचे प्रेम म्हणजे दुसऱ्याच्या अन्नाचा तिटकारा, असे समीकरण मुलाच्या मनात बसले तर ती शिदोरी गोपाळांची नव्हे. सुदैवाने शाळेच्या मधल्या सुट्टीत मुलांनीच हे निर्बंध हळूहळू मोडले. झाकणावर झाकण उलटे करून थालीपिठाच्या मोबदल्यात ढोकळा आणि घावनाच्या मोबदल्यात इडली घेणारी मुले नकळत कालाच करीत होती.

घरच्या अन्नाची किंमत मुलास कळावी कशी, याचा विचार विसाव्या शतकात दोन थोर शिक्षकांनी आपापल्या रीतीने केला. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ या १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात अळणी भाजीचा प्रसंग आहे. भाजीत मीठ पडलेले नाही, परंतु वडील नाव न ठेवता जेवतात. आई स्वतः जेवावयास बसते तेव्हाच तिला आपली चूक उमगते. रांधणाऱ्या हातांचा मान चवीहून मोठा, हा धडा श्यामला वडिलांच्या वागण्यातून मिळाला, व्याख्यानातून नव्हे. दुसरा प्रयोग महात्मा गांधींच्या नई तालीमचा. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यास शिक्षण परिषद भरली आणि पुढे सेवाग्रामच्या शाळेत आशादेवी व आर्यनायकम् यांच्या देखरेखीखाली मुले भाजी पिकवू लागली, धान्य निवडू लागली, पाळीपाळीने स्वयंपाकघरात राबू लागली. ज्याने मेथीला पाणी घातले, तिची जुडी निवडली आणि फोडणीचा चर्र आवाज ऐकला, त्याला मेथी कडू लागली तरी ती परकी लागत नाही.

स्वातंत्र्यानंतर कुटुंबे लहान झाली आणि सासूच्या शेजारी बसून शिकलेला स्वयंपाक पुस्तकातून शिकण्याची वेळ आली. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने १९७० पासून वाटी-चमच्याच्या मापांनी हजारो नवशिक्या गृहिणींस हात दिला. पुढे १९८३ साली दोन मिनिटांत होणाऱ्या शेवयांची पुडी भारतात आली आणि तिची जाहिरात आई व मूल या दोघांनाच उद्देशून केली गेली. तिला केवळ दोष देऊन चालणार नाही. घरातील स्त्री नोकरीस जाऊ लागली, परंतु चुलीजवळ तिची जागा घेण्यास दुसरे कोणी पुढे आले नाही. ती रिकामी जागा पुडीने भरली. घरच्या अन्नाचे गोडवे गाणाऱ्या पुरुषांनी हे विसरू नये.

सरकारनेही आपल्या परीने हात घातला आहे. १९९५ साली राष्ट्रीय शालेय आहार योजना सुरू झाली तेव्हा बहुतेक राज्यांत मुलांस कोरडे धान्य मिळे. सर्वोच्च न्यायालयाने २००१ च्या नोव्हेंबरात शिजविलेले अन्नच द्यावे असा आदेश दिला. २०२० च्या नियमांनी शाळेत व शाळेपासून ५० मीटरच्या आत फार गोड, खारट व तेलकट पदार्थांच्या विक्रीस मनाई केली. हे इष्टच आहे. तथापि नियम फार तर दुकान दूर नेऊ शकतो. आवड जवळ आणणे त्याच्या हाती नाही.

ते काम घराचेच आहे, आणि इतिहासाने त्याची वाट दाखवून ठेवली आहे. काल्याने पंगत शिकविली, डब्याने अन्नामागचे कष्ट दाखविले, श्यामच्या वडिलांनी कृतज्ञता आचरून दाखविली आणि सेवाग्रामने मुलाच्या हाती विळी व पळी दिली. या चारही गोष्टींत ‘खा, हे चांगले आहे’ असे कोणी म्हटलेले नाही. ज्या घरी रविवारी वडील कणीक मळतात, मुलगा शेंगा सोलतो, मुलगी फोडणी देते आणि सारे एकाच वेळी पानावर बसतात, तेथे हा उपदेश करण्याची गरज पडत नाही. पोळी थोडी वाकडी होईल, भाजी कधी अळणी होईल. पण ती वाकडी पोळी मुलाने स्वतः लाटलेली असेल, आणि तो ती दुसऱ्या कोणास सहजी देणार नाही. दिलीच तर मोठ्या अभिमानाने देईल.