‘द थर्टी-नाइन स्टेप्स’ आणि तिचे वाचक

रहस्यकथेविषयीचे वाचकांचे अभिप्राय हे इतिहासाचे साधन मानावे काय, आणि मानल्यास त्यावर कितपत भार टाकावा, हा प्रश्न जॉन बकन यांच्या ‘द थर्टी-नाइन स्टेप्स’ या कादंबरीच्या संदर्भात विशेष लक्ष वेधून घेतो. १९१५ च्या जुलै ते सप्टेंबर या महिन्यांत ती ‘ब्लॅकवुड्स मॅगझिन’मध्ये क्रमशः आली व ऑक्टोबरात पुस्तकरूपाने निघाली. वर्षअखेरपर्यंत तिच्या सुमारे २५,००० प्रती खपल्या. महायुद्धास तेव्हा वर्ष उलटून गेले होते. कथेचा काळ मात्र १९१४ चा, म्हणजे युद्ध पेटण्यापूर्वीच्या आठवड्यांचा आहे. पुढे काय घडले हे वाचकाला ठाऊक होते, कथेतील पात्रांना नव्हते. तिच्या परिणामाचे अर्धे मर्म येथेच आहे.

दक्षिण आफ्रिकेतून लंडनला आलेल्या रिचर्ड हॅने या खाण-अभियंत्याच्या बिऱ्हाडात स्कडर नावाचा अमेरिकन आश्रय घेतो आणि काही दिवसांतच तेथे त्याचे सुऱ्याने भोसकलेले प्रेत आढळते. रूढ रहस्यकथेत येथून खुन्याचा शोध सुरू झाला असता. बकन यांना त्यात रस नाही. खुनाचा संशय हॅनेवरच येतो, तो स्कॉटलंडच्या माळरानांत पळतो, आणि मागे एकीकडून पोलीस व दुसरीकडून जर्मन हेर लागतात. अखेरीस उलगडते ते खुन्याचे नाव नव्हे, तर ब्रिटिश आरमाराच्या मांडणीचे गुपित पळविण्याचा कट.

अशा कथेवर विश्वास ठेवण्यास इंग्लंडमधील वाचक आधीच सिद्ध झालेला होता. विल्यम ल क्यू यांच्या ‘स्पाइज ऑफ द कैसर’ या १९०९ मधील पुस्तकाने जर्मन हेरांचे भय घरोघर पोहोचविले. ‘वीकली न्यूज’ने तर परकीय हेरांची माहिती कळविणाऱ्या वाचकास १० पौंडांचे बक्षीस देऊ केले. वाचकांकडून ल क्यू यांच्याकडे आलेली संशयाची पत्रे लष्करी गुप्तवार्ता विभागाचे जेम्स एडमंड्स यांच्यापर्यंत गेली. त्यांनी शासकीय उपसमितीपुढे जो पुरावा मांडला त्याचा दर्जा याहून फारसा वरचा नव्हता. त्याच वर्षी गुप्तहेर खात्याची स्थापना झाली. कादंबरीच्या वाचकाचे मत राज्यकारभाराच्या कागदपत्रांत पुरावा म्हणून शिरल्याचे इतके उघड उदाहरण विरळाच. वस्तुतः युद्धपूर्व इंग्लंडमधील जर्मन हेरगिरी तुटपुंजी होती आणि तिचा रोख मुख्यतः आरमारावर होता. या दृष्टीने बकन यांचे कथानक, त्यातील सारे योगायोग जमेस धरूनही, ल क्यू यांच्या स्वारीच्या कल्पनांपेक्षा वास्तवाला अधिक जवळचे ठरते.

आघाडीवरून आलेले अभिप्राय निराळ्या जातीचे आहेत. चिखल, पाऊस आणि तोफगोळे यांच्या गराड्यात या कथेने विरंगुळा दिला, असे खंदकांतील अधिकाऱ्यांनी लेखकास कळविले. हेरांचे भय घरी राहिलेल्यांना. शत्रू प्रत्यक्ष समोर असलेल्यास उघड्या माळावरून धावणारा माणूस हवा होता. हा भेद महत्त्वाचा आहे. तथापि येथे सावधगिरी आवश्यक आहे. लेखकास आवर्जून पत्र लिहितो तो बहुधा प्रसन्न झालेला वाचक, आणि ‘ब्लॅकवुड्स’ हे मासिक तर मुळात अधिकारीवर्गाचे, हिंदुस्थानापर्यंतच्या क्लबांत वाचले जाणारे. साध्या शिपायाचे मत त्या पत्रांवरून काढणे धाडसाचे होईल. खपाच्या आकड्यांवरूनही एक प्रत किती हातांतून गेली हे कळत नाही.

पुढील पिढीच्या वाचकांना वेगळेच काही खटकले. स्कडरच्या तोंडी सुरुवातीस येणारी ज्यूंच्या जागतिक कारस्थानाची भाषा १९१५ मध्ये फारशी कोणाला बोचली नसावी; दुसऱ्या महायुद्धानंतर ती डोळ्यांआड करणे शक्य राहिले नाही. १९५३ मध्ये रिचर्ड अस्बोर्न यांनी बालपणीचे हे नायक प्रौढ दृष्टीने पुन्हा तपासले. १९६० मध्ये गर्ट्रूड हिमेलफार्ब यांनी ‘एन्काउंटर’मधील लेखात बकन यांची बाजू समजून घेत हा डागही नोंदविला. स्कडरचे म्हणणे त्याच कादंबरीत सर वॉल्टर बुलिव्हंट हा अधिकारी पूर्वग्रह म्हणून बाजूस सारतो, आणि कट निघतो तो जर्मन हेरांचा, हे बकन यांच्या बचावार्थ सांगितले जाते. बचाव खरा आहे, पण अपुरा. कारण हे खंडन कथेत फार उशिरा येते, आणि तोवर वाचक स्कडरच्या भयावर स्वार होऊन पुष्कळ पुढे गेलेला असतो. १९३५ मध्ये हिचकॉक यांनी चित्रपट काढला तेव्हा ते संभाषण मुळातच वगळले गेले. आरमाराच्या जागी विमानाच्या इंजिनाचे गुपित आले, आणि एकोणचाळीस पायऱ्या हे हेरसंघटनेचे नाव बनले. आज अनेकांच्या मनात कादंबरी म्हणून जे असते ते बहुतांशी हे रूप असते.