रुमालात बांधलेला जिल्हा : बुलढाण्याची जुनी दप्तरे

१/ हस्तलिखित सातबाऱ्याचे पुस्तक दर १० वर्षांनी नव्याने लिहिले जाई. चालू नोंदी नव्या पुस्तकात उतरत आणि जुने पुस्तक अभिलेख कक्षाकडे जाई. वारस, वाटणी, खरेदी यांमुळे फेरफार वाढतच राहतात. सारे एकाच जागी ठेवले तर हवे ते सापडत नाही. आज संगणकातील फुगत्या माहितीसाठी जी युक्ती वापरतात, ती महसूल खात्याने कागदावर आधीच राबवली होती.

२/ अभिलेख कक्षात कागदाचे आयुष्य ठरते. ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ ३० वर्षे, ‘क-१’ १० वर्षे, ‘क’ ५ वर्षे, ‘ड’ अवघे १ वर्ष. मुदत संपली की नाश. म्हणजे इतिहासकाराच्या कितीतरी आधी कारकुनाने निवड केलेली असते.

३/ जतन झालेला कागद सापडेलच असे नाही. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार निजामाकडून कंपनीकडे आला. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले. १९०५ च्या फेररचनेत खामगाव व जळगाव (जामोद) हे तालुके अकोल्यातून बुलढाण्यात आले. त्यामुळे १९०० सालच्या खामगावचा शोध ‘बुलढाणा’ या नावाखाली घेणारा अभ्यासक रिकाम्या हाताने परततो. दप्तर आजचा नकाशा ओळखत नाही.

४/ आता कोतवाल बुक पाहा. गावात कोण जन्मले, कोण मेले, याची ही नोंदवही. बाळाचे नाव अनेकदा नसेच. बापाचे नाव, जात आणि तारीख मात्र असे. हेतू जन्ममृत्यूच्या मोजणीचा. शंभर वर्षांनी ती कोणी उघडेल, हे लिहिणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसावे.

५/ सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. शेजारच्या मराठवाड्यापासून सुरू झालेला कुणबी नोंदींचा शोध पुढे राज्यभर नेण्यात आला. जुने रुमाल सुटले, मोडी वाचणाऱ्यांना बोलावणे गेले. मोजणीसाठी लिहिलेली एक ओळ कुटुंबाच्या दाखल्याचा आधार ठरू लागली.

६/ सगळे जपणे शक्य नाही, हे खरेच. पण कोणता कागद उद्या बोलेल, हे आज ठरवणारा नेहमीच अंधारात असतो. म्हणून नाश करण्यापूर्वी निदान यादी तरी उरावी : काय होते, कोणत्या गावचे, कोणत्या सालचे. ती यादीही गेली, तर काय हरवले हेसुद्धा कळत नाही.