संवादिनीचे साधक : पं. तुळशीदास बोरकर

हिंदुस्थानी संगीतात पेटीवादकाचे स्थान गायकाच्या डाव्या हाताला, आणि तेही काहीसे अंग चोरून बसण्याचे. पं. तुळशीदास बोरकर यांनी आयुष्यभर या वाद्याची साधना केली आणि साथीचे वाद्य मानल्या गेलेल्या पेटीला मैफलीत स्वतंत्र स्थान मिळवून दिले.

त्यांचा जन्म 18 नोव्हेंबर 1934 रोजी गोव्यातील बोरी येथे झाला. कवी बा. भ. बोरकर यांचेही हेच गाव. स्वरांची पहिली ओळख त्यांना आईकडून झाली. पुढे पी. मधुकर या नावाने ख्यातकीर्त झालेल्या मधुकर पेडणेकर यांचे शिष्यत्व त्यांना लाभले. ग्रामोफोनच्या तबकड्यांमधून पेडणेकरांचे पेटीवादन त्या काळी घरोघर पोहोचले होते. छोटा गंधर्वांच्या सहवासामुळे बोरकरांच्या वादनावर नाट्यसंगीताचाही गाढ संस्कार झाला.

बोरकरांच्या कामगिरीचे मोल कळण्यासाठी या वाद्याने सोसलेली अवहेलना ध्यानात घ्यावी लागते. हार्मोनियम हे मूळचे युरोपीय वाद्य. पॅरिसच्या अलेक्झांडर देबाँने 1840 च्या दशकाच्या आरंभी त्याचे एकस्व घेतले. तेथे ते पायाने भाता चालवून वाजवीत. भारतात त्याला हाताचा भाता आला आणि मांडी घालून बसणाऱ्या वादकापुढे ते विसावले. पण पियानोप्रमाणेच त्याच्याही पट्ट्यांचे स्वर ठरलेले. दोन स्वरांमधील मींड त्यातून निघत नाही, श्रुतींचे सूक्ष्म भेद दाखविता येत नाहीत. नभोवाणीवर पाश्चात्त्य संगीताचे काम पाहणारे जॉन फोल्ड्स यांनी याच कारणांसाठी त्यावर टीका केली. रवींद्रनाथ टागोरांचाही त्याला विरोध होता. 1 मार्च 1940 पासून आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. ती 1971 मध्ये उठली, पण केवळ वरच्या श्रेणीच्या कलावंतांच्या साथीपुरती. स्वतंत्र वादनाचे दार त्यानंतरही दीर्घकाळ बंदच राहिले. म्हणजे बोरकरांच्या उमेदीची वर्षे बंदीच्या काळातच गेली. गंमत अशी, की रंगभूमीवर ऑर्गन आणि मैफलीत पेटी यांच्यावाचून मराठी श्रोत्यांचे याच काळात पान हलत नव्हते!

टीकाकारांचा आक्षेप शास्त्रदृष्ट्या खोटा नव्हता. तुटक स्वरांच्या वाद्यातून अखंड गाण्याचा आभास निर्माण करावयाचा, तर भात्याचा दाब गायकाच्या श्वासासारखा कमी-अधिक व्हावा लागतो. एक पट्टी सुटण्याआधी दुसरीवर बोट अलगद उतरावे लागते. केवळ बोटांच्या वेगावर विसंबणाऱ्या वादकाला हे साधत नाही. बोरकरांची बोटे चपळ होतीच, परंतु त्यांचे वादन लक्षात राहते ते त्यातील गायकीमुळे. ‘संवादिनी’ हे नाव त्यांना अधिक प्रिय होते, यातही त्यांची दृष्टी दिसते.

गुरू म्हणूनही त्यांचे कार्य मोठे आहे. सुधीर नायक, सीमा शिरोडकर, अमेरिकास्थित केदार नाफडे हे त्यांचे शिष्य साथ आणि स्वतंत्र वादन या दोन्ही क्षेत्रांत मान्यता पावले. 2005 मध्ये बोरकरांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, तर 2016 मध्ये ‘पद्मश्री’ प्राप्त झाली. 29 सप्टेंबर 2018 रोजी मुंबईत वयाच्या 83 व्या वर्षी त्यांचे निधन झाले.